न धुतलेलं मडकं

आमचा आजो माडावर चढायचा. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात माडी काढणारी जी दोन-चार घरं उरली होती, त्यांतलं एक आमचं. सकाळी उजाडताना आणि पुन्हा सांजेला, कमरेला कोयती आणि पाठीला मडकं बांधून तो वर जायचा, पोयीचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं, टोक जरासं तासायचा, भरलेलं मडकं सोडवून रिकामं बांधायचा. खाली आलेल्या मडक्यात पांढुरका गोडसर रस असायचा, आणि कुणी त्यात काही घातलेलं नसताना तो फसफसत असायचा.

सात-आठ वर्षांची असताना मी एकदा त्याचं रिकामं मडकं विहिरीवर नेलं आणि राख नि सोडण घेऊन लख्ख घासून ठेवलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. आजोनं मडकं नाकाशी नेलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘मडका घासू नको गो चेडवा, वास ऱ्हवाक होयो.’’ त्या दिवशीची माडी चढायला वेळ लागला. नीरेचं मडकं मात्र वेगळं असायचं. त्याला आतून चुना फासलेला असे, आणि त्यातला रस दुपारपर्यंत गोडच राही.

एका मडक्यात वास राहायला हवा, दुसऱ्यात राहता कामा नये. पुढची पस्तीस वर्षं मी प्रयोगशाळेत जे केलं, ते बरंचसं या दोन मडक्यांत मावतं. मी मोलेक्युलर बायॉलॉजिस्ट आहे. लग्नसमारंभात कुणी विचारलं की सांगते, ‘‘यीस्टला नवी कामं शिकवते.’’ समोरचा म्हणतो, ‘‘म्हणजे पाव?’’ मी म्हणते, ‘‘पाव त्याला आधीपासूनच येतो. मी त्याच्याकडून लस करून घेते.’’ मग पंगत उठेपर्यंत बोलणं चालतं. तेच आज जरा सविस्तर सांगते.

वासात काय असतं

आजो ज्याला वास म्हणायचा ते मडक्याच्या छिद्रांत राहिलेलं यीस्ट. यीस्ट ही बुरशीचीच एक जात, पण तंतू न पसरता एकेकट्या पेशीनं राहणारी. आमच्या नेहमीच्या कामातलं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव, बिअर, वाइन ही सगळी त्याचीच किमया. एक पेशी साधारण पाच मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरवर दोनशे पेशी ओळीनं बसतील. तिच्या अंगावर एक फुगवटा येतो, तो मोठा होतो, तुटून वेगळा होतो आणि लेक स्वतंत्र होते. चांगलं खाणं आणि तीस अंश तापमान मिळालं की हे सगळं दीड तासात उरकतं. प्रत्येक बाळंतपणाचा एक गोल वण आईच्या अंगावर कायमचा राहतो. साधारण वीस-पंचवीस लेकी झाल्या की आई थकते आणि थांबते. सूक्ष्मदर्शकाखाली हे वण मोजताना मला दर वेळी गावाकडच्या बायका आठवायच्या.

साखर मिळाली की यीस्ट तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. गंमत म्हणजे हवा भरपूर असली, साखर पुरती जाळून जास्त ऊर्जा मिळवणं शक्य असलं, तरीही साखर मुबलक असेपर्यंत ते अल्कोहोलच करत बसतं. वरवर हा उधळेपणा वाटतो. पण अल्कोहोल इतर जंतूंना सोसत नाही. आधी शेजाऱ्यांना हुसकावायचं आणि मागाहून तेच अल्कोहोल स्वतः खायचं, असा तो हिशेब आहे. आजोच्या मडक्यातलं यीस्ट ताज्या रसावर पहिला हक्क सांगायचं. मी मडकं घासलं तेव्हा तो हक्कदारच धुऊन टाकला होता.

हे जिवंत पेशींचं काम आहे, असं लुई पाश्चरनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ठासून सांगितलं. मग १८९७ साली जर्मनीत एडुअर्ड बुखनरनं यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस काढला आणि दाखवून दिलं, की पेशी फुटल्यावरही तो रस साखर आंबवतो. पेशीतलं कुठलंसं रसायन हे काम करतं, असा त्याचा अर्थ. १९०७ चं नोबेल त्याला मिळालं. आज आपण डिटर्जंटच्या जाहिरातीतही ‘एन्झाइम’ हा शब्द ऐकतो. ग्रीकमध्ये त्याचा शब्दशः अर्थ ‘यीस्टमध्ये’ असा आहे. आधुनिक जीवरसायनशास्त्राला त्याचा मुख्य शब्दच या मडक्यानं दिला.

नारंगी पंधरवडा

एम.एस्सी.साठी मी पुण्यात आले आणि पीएच.डी.ला मिळाली ती यीस्टची चुलत बहीण, न्यूरोस्पोरा. जाळलेल्या उसाच्या खोडांवर कधी कधी नारंगी भुकटी दिसते ती हीच. हिचा मान मोठा आहे. १९४१ साली बीडल आणि टेटम या दोघांनी हिच्यावरच्या प्रयोगांतून दाखवलं, की एक जनुक बिघडलं की एक एन्झाइम बिघडतं. जनुक म्हणजे नेमकं काय काम करणारी चीज, हे तोवर कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

मान मोठा, पण स्वभाव पसरायचा. एका शनिवारी मी न्यूरोस्पोराच्या नळीचं बूच ढिलं ठेवलं आणि पंखा चालू ठेवून घरी गेले. सोमवारी आले तर सगळ्या मजल्यावरच्या पेट्री डिश नारंगी झालेल्या. चार जणांचे महिन्या-महिन्याचे प्रयोग बुडाले. पंधरा दिवस माझ्याशी कुणी चहालाही बोललं नाही. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, ‘‘आता कळलं का, बुरशी किती मेहनती असते?’’ नळीचं बूच दोनदा तपासायची सवय तेव्हापासून लागली. घरात गॅसची शेगडीही मी दोनदा तपासते.

मखमल, गोगलगाय आणि चार भावंडं

१९९५ साली पोस्टडॉकसाठी अमेरिकेत गेले आणि बुरशीच्या तंतूंतून यीस्टच्या ठिपक्यांवर आले. त्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तेव्हा पहिल्यांदा वास आला, गरम पावाचा. यीस्टचं खाद्य वायपीडी म्हणजे यीस्टचाच अर्क, पेप्टोन आणि ग्लुकोज. ते ऑटोक्लेव्हमधून निघालं की सगळा मजला बेकरीसारखा घमघमतो. परक्या देशातल्या त्या हिवाळ्यात त्या वासाचा मोठा आधार होता.

तिथलं कसब मात्र सुतार-सोनारासारखं हातचं होतं. एका डिशमधल्या शेकडो वसाहती जशाच्या तशा दुसऱ्या डिशमध्ये उतरवायच्या, तर एका गोल ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून बसवायची, तिच्यावर पहिली डिश हलकेच दाबायची, मग दुसरी. मखमलीचे बारीक केस म्हणजे हजारो सुया; प्रत्येक वसाहतीतलं चिमूटभर यीस्ट उचलून ते पुढच्या डिशवर ठेवतात. संध्याकाळी मखमलींचा ढीग धुवायला पडायचा. पीएच.डी. झालेली बाई कपडे धुते हे मी आईला पत्रात लिहिलं नाही.

दुसरं काम याहून नाजूक. यीस्टची उपासमार केली की पेशी एका पिशवीत चार बीजाणू बांधून ठेवते. आईबापांची जनुकं या चौघांत वाटलेली असतात. पिशवीची भिंत विरघळवायला एन्झाइम वापरायचं. जुन्या लोकांचं आवडतं एन्झाइम गोगलगायीच्या आतड्यातून काढलेलं असे. मग सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या काचेच्या सुईनं चारही बीजाणू एकमेकांपासून सोडवायचे आणि एका उभ्या ओळीत, ठरावीक अंतरावर मांडायचे. श्वास रोखून. दोन दिवसांनी तिथं चार ठिपके उगवतात. जगण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या एखाद्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच मूळ पेशीत शाबूत असेल, तर ओळीत दोनच ठिपके येतात. दोन जगले, दोन मेले. मेंडेलचा नियम पुस्तकात वाचणं वेगळं आणि दहा ओळींत दहाही वेळा दोनच ठिपके आलेले बघणं वेगळं.

माझ्या कामात अशाच एका मेलेल्या जागी आम्ही माणसाचं जनुक दिलं. यीस्टचं स्वतःचं जनुक काढून टाकलेलं आणि त्याच्या जागी तेच काम करणारं मानवी जनुक. सकाळी डिश उजेडात धरली, तर जिथं दोन ठिपके यायचे तिथं चार होते. दोन थोडे बारके, पण चारही जिवंत. माणूस आणि यीस्ट यांचा समाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांहून मागे कुठं तरी होऊन गेला, आणि तरी एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसतो.

ही कल्पना माझी नव्हती. लेलँड हार्टवेल यांनी पेशीचं विभाजन मध्येच अडकलेली यीस्ट शोधून विभाजनाची जनुकं हुडकली. ब्रिटनमध्ये पॉल नर्स यांनी ‘पोंबे’ या दुसऱ्या यीस्टमध्ये तेच केलं. पोंबे हा बिअरसाठीचा स्वाहिली शब्द. आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून ते यीस्ट आलं. १९८७ साली नर्स आणि मेलानी ली यांनी त्या यीस्टमध्ये बिघडलेलं विभाजनाचं जनुक मानवी जनुकानं भरून काढलं आणि पेशी पुन्हा विभागू लागली. कर्करोग म्हणजे विभाजनाचा लगाम सुटणं. तो लगाम कसा असतो ते बिअरच्या यीस्टनं दाखवलं. हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना २००१ चं नोबेल मिळालं. २०१५ मध्ये टेक्सासच्या एका गटानं चारशेहून अधिक अत्यावश्यक जनुकांची अशी अदलाबदल करून पाहिली. जवळपास निम्म्या ठिकाणी मानवी जनुकानं काम भागवलं.

मी अमेरिकेत असतानाच, १९९६ साली, यीस्टची संपूर्ण जनुकसंहिता वाचून झाली. केंद्रक असलेल्या सजीवांत हा पहिला मान. सोळा गुणसूत्रं, सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरं, सहा हजारांच्या आसपास जनुकं. वाचलं गेलं ते वाण एस-२८८-सी. त्याचं कूळ शोधत गेलं तर बहुतेक सगळा वारसा १९३८ साली कॅलिफोर्नियात मर्सेड गावाजवळ मिळालेल्या एका सडक्या अंजिरावर जातो. कुणीतरी ते अंजीर उचललं, त्यावरचं यीस्ट वेगळं केलं आणि नीट जपून ठेवलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जे यीस्ट वाढतं त्यातलं कितीतरी त्या अंजिराच्या गोतावळ्यातलं आहे.

ठिगळ लावायची कला

यीस्टमध्ये बाहेरचं जनुक घालता येतं हे १९७८ साली कॉर्नेल विद्यापीठात हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी दाखवलं. आजची कृती स्वयंपाकासारखी आहे. पेशी लिथियम अॅसिटेटमध्ये भिजवायच्या, त्यात हवा तो डीएनए घालायचा, सोबत सॅमन माशाचा डीएनए उकळून, झटकन गार करून घालायचा. माशाचा डीएनए कामाचा नाही. तो नुसता भरताड, आपला डीएनए वाया जाऊ नये म्हणून. मग बेचाळीस अंशांवर अर्धा-पाऊण तास. यात काही पेशी डीएनए आत घेतात.

यीस्टची खरी मेहेरबानी पुढे आहे. आपल्या डीएनएच्या दोन्ही टोकांना यीस्टच्या गुणसूत्रातल्या एखाद्या जागेशी जुळणारी चाळीसेक अक्षरं जोडली, तर यीस्ट तो तुकडा नेमका त्याच जागी स्वतःच शिवून घेतं. कपड्याला ठिगळ लावताना काठ जुळवावे लागतात, तसे काठ तेवढे आपण द्यायचे. शिवण त्याची. माणसाच्या पेशीकडून हेच काम करून घ्यायला फार झगडावं लागतं. यीस्ट सगळ्यांचं लाडकं आहे ते यामुळे.

शिवण बरोबर बसली का हे मुलांना दाखवायचं असलं की मी एडीई-२ हे जनुक मोडायला देत आले. ते मोडलं की अॅडेनिन बनवायची साखळी मध्येच तुटते, अर्धवट माल पेशीत साठतो आणि त्याचा लाल रंग होतो. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या ठिपक्यांत गुलाबी ठिपके दिसतात. डिश फ्रीजमध्ये ठेवली की डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल होतात. पहिली लाल वसाहत पाहिल्यावर विद्यार्थी फोन काढून फोटो घेतो. इतक्या वर्षांत एकही अपवाद पाहिला नाही.

कारखान्यातला धडा

२००१ मध्ये परत आले आणि पुण्यातल्या एका कंपनीत रुजू झाले. काम होतं पिकिया या यीस्टवर. त्याची कथा मजेशीर आहे. सत्तरच्या दशकात फिलिप्स पेट्रोलियम या अमेरिकी तेल कंपनीनं स्वस्त मिथेनॉलवर हे यीस्ट वाढवून गुरांचं खाद्य करायचा घाट घातला. १९७३ च्या तेलसंकटानंतर मिथेनॉल महागलं आणि तो धंदा बसला. पण मिथेनॉल दिसताच जोरात चालू होणारं एक कळीचं बटण त्या यीस्टच्या जनुकांत होतं. त्या बटणापुढे हवं ते जनुक जोडलं, की मिथेनॉल पाजताच यीस्ट ढिगानं हवं ते प्रथिन बनवतं. गुरांच्या खाद्यात नापास झालेलं यीस्ट औषधांत पहिलं आलं.

हिपॅटायटिस-बीची लस पूर्वी रुग्णांच्या रक्तातून काढावी लागे. १९८६ साली अमेरिकेत पावाच्या यीस्टमध्ये बनवलेली लस मंजूर झाली. त्यात विषाणू नसतोच, फक्त त्याच्या कवचाचं प्रथिन असतं. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये पिकियात ही लस बनवली आणि किमती दणादण उतरल्या. बंगळुरूच्या बायोकॉननं इन्सुलिनही पिकियातूनच काढलं. २०२१ च्या अखेरीस परवानगी मिळालेल्या कॉर्बेव्हॅक्स या कोविड लशीचं प्रथिनही पिकियानंच बनवलेलं. तुमच्या घरात कुणी लहान मूल असेल, तर यीस्टनं बनवलेलं प्रथिन त्याच्या मांडीतून बहुधा कधीच गेलेलं आहे.

मला मात्र पहिला धडा मिळाला तो अपयशातून, आणि तो पावाच्या यीस्टवरच्या जोडकामात. आमचं जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसवलेलं होतं. फ्लास्कमध्ये उत्तम. मोठ्या टाकीत पहिले दोन दिवस छान, नंतर प्रथिन उतरत गेलं; यीस्टची वाढ मात्र जोमदार. आठवडाभर आम्ही खाद्य, हवा, आम्लता सगळं तपासलं. शेवटी मी टाकीतलं यीस्ट डिशवर पसरून एकेक वसाहत पाहिली. बहुतेकांनी ते कडं टाकून दिलं होतं. साधं कारण. आमचं प्रथिन बनवणं हे पेशीला ओझं. विभागताना एखाद्या लेकीच्या वाट्याला ते कडं आलं नाही, की ती मोकळी होऊन बहिणींपेक्षा जोरात वाढते. आणि एकदा का अशी एक निघाली, की पाच-सहा दिवसांत टाकी तिची.

पुढे आम्ही ते जनुक सुट्या कड्यावर न ठेवता गुणसूत्रातच शिवलं, त्याचा जोर थोडा कमी केला, आणि टाकी टिकली. उत्पादन फ्लास्कपेक्षा कमी, पण शेवटपर्यंत तेवढंच. तेव्हापासून नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगत आले: यीस्टला हुकूम देता येत नाही. त्याला परवडेल तेच ते करतं. आपलं काम एवढंच, की आपल्याला हवं ते त्याला परवडेल असं करायचं. आजोला हे ठाऊक होतं. तो रसाला काही करत नसे. मडकं तेवढं सांभाळायचा.

यंत्रांचंही तसंच. मिथेनॉल पचवताना पिकिया प्रचंड ऑक्सिजन मागतं आणि प्रचंड तापतं. एका मे महिन्यात वीज गेली, जनरेटर उशिरा लागला, थंड पाणी थांबलं आणि डोळ्यांदेखत टाकीचा पारा चढला. पेशी फुटल्या, त्यांच्या पोटातल्या कात्र्यांनी आमच्या प्रथिनाचे तुकडे केले. दहा दिवसांचं काम गटारात. जनुकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले आम्ही सात जण त्या रात्री बर्फाच्या लाद्या कुठं मिळतील म्हणून मंडई पालथी घालत होतो.

जमलं, पण परवडलं का?

अलीकडे यीस्टमध्ये एक जनुक घालून कुणी थांबत नाही. कामांची अख्खी साखळी घालतात. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध एका वनस्पतीतून मिळतं. ते शोधणाऱ्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. कॅलिफोर्नियात जे कीसलिंग यांच्या गटानं त्या वनस्पतीची जनुकं यीस्टमध्ये घालून औषधाच्या अलीकडचा पदार्थ, आर्टेमिसिनिक आम्ल, बनवून घेतला. २००६ मध्ये लिटरमागे सुमारे शंभर मिलिग्रॅम; २०१३ मध्ये लिटरमागे पंचवीस ग्रॅम. सात वर्षांत अडीचशेपट. सनोफी कंपनीनं उत्पादनही सुरू केलं. पण तोवर शेतातल्या आर्टेमिसिनिनचे भाव पडले होते आणि यीस्टचा माल बाजारात टिकेना. यीस्ट पास झालं, हिशेब नापास. उलट टोकाचं उदाहरण क्रिस्टिना स्मोल्क यांचं. त्यांच्या गटानं २०१५ मध्ये वीसहून अधिक जनुकं घालून यीस्टकडून अफूच्या जातीची वेदनाशामकं बनवून घेतली, पण इतकी थोडी, की एका डोसासाठी हजारो लिटर यीस्ट लागलं असतं.

आणि काही जणांनी तर यीस्टची गुणसूत्रंच नव्यानं लिहायला घेतली. जेफ बूकी यांच्या पुढाकारानं चाललेल्या या कामात २०१४ साली तिसरं गुणसूत्र पुरं झालं. मूळ ३,१६,६१७ अक्षरांचं. माणसानं लिहिलेलं २,७२,८७१ अक्षरांचं, अनावश्यक मजकूर गाळून. त्यातले बरेच तुकडे कॉलेजच्या पोरांनी एका अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जोडले होते. सोळापैकी शेवटचं गुणसूत्र पुरं झाल्याचं २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालं.

घरातली बुरशी, अंगातली बुरशी

२०२१ च्या मे महिन्यात माझा फोन वाजायचा थांबेना. दूरदूरच्या नातेवाइकांना आठवलं की आपल्याकडे कुणीतरी बुरशीवाली आहे. ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेल्या म्युकरमायकोसिसचे सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये होते, आणि अॅम्फोटेरिसिन या त्यावरच्या औषधाची इंजेक्शनं मिळत नव्हती. माझ्याकडेही नव्हती. मी फक्त समजावून सांगू शकत होते. ही बुरशी काळी नसते. तिनं रक्तपुरवठा तोडल्यावर मेलेला भाग काळा पडतो. ती आपल्या हवेत, मातीत, कुजक्या पाल्यात रोजच असते. कोविड, स्टेरॉइड आणि वाढलेली साखर या तिन्हींनी मिळून तिला दार उघडून दिलं.

‘‘पण जंतूंवर इतकी औषधं आहेत, बुरशीवर का नाहीत?’’ हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. ज्या गोष्टीमुळे यीस्ट माझ्या कामाचं, तीच इथं आड येते. बुरशी आपल्या नात्यातली आहे. माझ्या डिशवर मानवी जनुकानं यीस्टला जगवलं, याचाच दुसरा अर्थ असा, की बुरशीची जी यंत्रं बंद पाडावीत, तशीच आपल्यातही असतात. फरक थोडेच. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल, तिच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. अॅम्फोटेरिसिन त्या फरकावर बोट ठेवतं, पण आपल्या मूत्रपिंडालाही सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली. एकोणीस नावं आहेत. सगळ्यात वरच्या गटातल्या चारांत कॅन्डिडा ऑरिस हे यीस्ट आहे. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडलं म्हणून ‘ऑरिस’. अनेक औषधांना ते दाद देत नाही. औषध नेमकं कुठं लागतं आणि बुरशी त्यातून कशी निसटते, हे शोधायला आपण पहिल्यांदा जातो ते पुन्हा पावाच्या यीस्टकडेच.

उणे ऐंशीतली जागा

गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरची यादी करून दिली. ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या चार हजारांवर नळ्या, प्रत्येकीवर माझ्या किंवा मुलांच्या अक्षरात नाव आणि तारीख. सडक्या अंजिराचे वंशज, मिथेनॉल पिणारे, लाल होणारे, माणसाच्या जनुकावर जगणारे. यादी संपली तेव्हा लक्षात आलं, की आजोच्या मडक्यातलं यीस्ट त्यात नाही.

आजो १९९८ मध्ये गेला. मी अमेरिकेत होते. काकांनी माड विकले, मडकी कधी फुटली कुणाला आठवत नाही. मी हातात लूप आणि निर्जंतुक नळी घेऊन दहा वेळा त्या घरी जाऊ शकले असते. पाच मिनिटांचं काम होतं. ते यीस्ट कोणतं होतं, किती पिढ्या त्याच मडक्यांतून चालत आलं होतं, कोकणच्या उकाड्यात ते कशाच्या बळावर तगायचं, हे आता मला कळणार नाही. लागर बिअरच्या यीस्टचा एक पूर्वज कोण हे कोडं शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं सुटत नव्हतं. २०११ साली तो पॅटागोनियाच्या जंगलात झाडांवरच्या गाठींत सापडला. तिथलं जंगल उभं होतं म्हणून सापडला.

माडावर चढणारे कमी होत चालले आहेत. गोव्यातल्या पोदेरांची, म्हणजे पाववाल्यांची, पूर्वी माडीवर फुगणारी उंड्यांची कणीक आता बहुतेक ठिकाणी पाकिटातल्या यीस्टवर फुगते. पाकिटात वाईट काही नाही, पण जगभरच्या पाकिटांत मोजकीच वाणं असतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आणि आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. जपायची सोय आहे. तिथवर नेऊन पोचवणारं कुणी हवं. कोकणात, गोव्यात, मोहाच्या पट्ट्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलांना एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विकतचं यीस्ट देऊ नका. गावात ज्याचं मडकं अजून फसफसतं त्याच्या दारात पाठवा, त्याला रीतसर विचारायला सांगा, आणि नळीवर त्याचं नाव लिहायला लावा. आणि मडकं घासायच्या आत जा.